हेस्टरचा अकरा दिवसांचा मुक्काम

सभेत, वही सांभाळणाऱ्या ऑर्विलने विचारलं, "हेस्टर ओहायोहून आपल्या मंडळींना भेटायला येतेय. अकरा दिवस राहील. कोणाकडे उतरवायची?"

लव्हिनिया लगेच म्हणाली, "आमची मागची खोली रिकामीच आहे." लव्हिनिया माझी सासू. आम्हा क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती मंडळींत वडीलधाऱ्यांनाही नुसत्या नावाने हाक मारतात. मी इथल्याच कार्तागो शहरातली, कॅथलिक घरातली. लग्नानंतर वर्षभर तिचं नाव घेताना माझी जीभ अडखळायची.

मग सगळे शांत बसले. आमच्यात हात वर करून मतं मोजत नाहीत. कोणी काही सुचवलं की सगळे गप्प बसतात, आणि त्या शांततेत कोणाची हरकत निघाली नाही की झालं, ठरलं. पाच आठवड्यांची नोएलिया माझ्या मांडीवर झोपली होती. तिच्या पहिल्या लशीला अजून तीन आठवडे होते. आत्ता नको, असं मला म्हणायचं होतं. शब्द जुळवेपर्यंत ऑर्विलने वहीत लिहूनही टाकलं.

हेस्टर आली ती खोकतच. "रस्त्याची धूळ गं," ती म्हणाली. सत्तरीची, सडपातळ, एकच पिशवी घेऊन आलेली. पाहुणी म्हणून तिला नाव ठेवायला जागा नव्हती. आपली ताटली आपण धुवायची, गाईंच्या धारा काढायच्या वेळी माझा नवरा वेंडल याच्याबरोबर गोठ्यात जायची. वेंडलला तर ती इतकी आवडली, की जेवताना तिच्यासाठी ताज्या चीजचा तुकडा तो राखून ठेवायचा.

जेवणाआधी आम्ही एकमेकांचे हात धरून मिनिटभर शांत बसतो. पहिल्याच दिवशी माझा एक हात हेस्टरच्या हातात, दुसऱ्या हाताने बाळ सावरलेलं. त्या शांततेत तिला उबळ आली. तिने हात सोडवून घेतला, तोच तोंडावर धरून खोकली आणि पुन्हा माझ्यापुढे केला. मी तो धरला. काळा घेवडा आणि भात समोर निवत होता, आणि माझं सगळं लक्ष त्या ओलसर तळव्याकडे.

वेंडलला म्हटलं, "तिला दुसरीकडे हलवूया का? ऑर्विलकडे?"

"काय सांगून हलवायचं? खोकतेस म्हणून चालती हो?"

लव्हिनिया गुळाचं पाणी उकळत होती. मान न वळवताच म्हणाली, "कॉलेजात गेलं की खोकलासुद्धा साधा राहत नाही वाटतं. माझी पाच वाढली या घरात. पाहुणे काय कमी आले?"

"पाच वाढली, लव्हिनिया. सहावं?"

तिने पातेलं उतरवून ठेवलं. सहावं सोळा दिवसांचं होऊन गेलं होतं. मला माहीत होतं, तरी मी बोलले. त्यानंतर पुन्हा हेस्टरला हलवण्याचा विषय काढायला मला तोंडच उरलं नाही.

तिसऱ्या दिवशी हेस्टर स्वतःच स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "मारिसेल, एक विचारते. खरं सांग. घरात तान्हं मूल आहे. माझा तुला त्रास होतोय का? मला वाईट वाटणार नाही. मी पिशवी उचलून जाईन."

एवढं सोपं करून दिलं होतं तिने. आमच्यात शपथ घेत नाहीत, कारण एरवी खोटं बोलत असलो तरच शपथेची गरज. माणूस विचारतो ते उत्तर हवं म्हणून विचारतो.

आणि मी, पाहुण्याला तोंडावर 'नको' न म्हणणाऱ्या कार्तागोच्या आईची लेक, म्हणाले, "छे गं! आपलंच घर समज. राहा की."

तिचा चेहरा मोकळा झाला. माझ्या शब्दावर तिने विश्वास ठेवला.

दहाव्या दिवशी सकाळी नोएलियाला खोकला आला. एकामागून एक, श्वास घ्यायलाही उसंत नाही. मग खोकला थांबला आणि श्वासही थांबला. ओठ निळे पडले. मी तिला पालथी धरली, पाठीवर थोपटलं, काय काय केलं आठवत नाही. तिने हवा ओढली तेव्हा वेंडलने गाडी सुरू केली होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला ऑक्सिजन लावला. "डांग्या खोकला वाटतोय. नमुना पाठवते. घरात कोणी खोकतंय?"

"एक पाहुणी."

"किती दिवसांपासून?"

"आली तेव्हापासून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नोएलियाला दवाखान्यातच ठेवून घेतलं होतं; दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिचे कपडे न्यायला घरी आले. हेस्टर पिशवी भरून व्हरांड्यात बसली होती, दोनच्या बसची वाट बघत. पुढचा मुक्काम खालच्या गावात, जुळी मुलं असलेल्या घरी. ती उठून मला जवळ घ्यायला आली. मी मागे सरले.

"हेस्टर, तुझा खोकला साधा नाही. नोएलियाला तोच लागलाय, असं डॉक्टर म्हणतात. तू त्या जुळ्यांच्या घरी जाऊ नकोस."

ती हळूच खाली बसली.

"मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग?"

"खोटं बोलले."

"का गं?"

"तू चांगली वागत होतीस म्हणून."

ती हसेल असं मला उगाच वाटलं. हसली नाही. "मी खोकत होते ते मलाही ऐकू येत होतं, मारिसेल. तुझं 'राहा' मला हवंच होतं." तिने रुमाल तोंडावर धरला. उबळ ओसरल्यावर म्हणाली, "त्या घरी फोन कर. माझं नाव घेऊन सांग, काही झाकू नकोस. आणि मी? मी आता कुठे जाऊ?"

आतून लव्हिनिया बाहेर आली. तिने सगळं ऐकलं असावं. तिने हेस्टरची पिशवी उचलली आणि पुन्हा मागच्या खोलीकडे नेऊ लागली.

"लव्हिनिया, नको," मी म्हणाले. आवाज चढला होता. "इथे नको. नोएलिया घरी यायचीय. माझी हरकत आहे."

त्या घरात हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला. लव्हिनिया पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. हेस्टरने मान डोलावली, तिच्या हातातून पिशवी घेतली आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरली.

फाटकाशी बस येऊन थांबली. ती चढली नाही. बस गेल्यावरही ती तिथेच, धुळीत उभी होती.

मी आत जाऊन जुळ्यांच्या आईला फोन लावला.