भिंतीपलीकडची पट्टी

"काय म्हणते?" भिमाबाईनं खाटेवरून विचारलं.

मल्हारीचा कान भिंतीला लागला होता. बोटाचं पेर मुडपून तो गिलाव्यावर हलकेच ठोकत होता, थांबत होता, वीतभर सरकून पुन्हा ठोकत होता. डोळे मिटलेले. एखाद्याला वाटलं असतं, हा माणूस उभ्यानंच झोपलाय आणि झोपेत कुणाचं तरी दार वाजवतोय.

"अजून काय सांगत नाय," तो म्हणाला.

"मग नीट इचारा. लाडीगोडीनं."

नाशिकरोडच्या त्या चाळीत मल्हारीची ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. तो सातपूरच्या एका कारखान्यात होता, नवी मशिनं जमिनीला आणि भिंतीला जखडायच्या कामावर. पूर्वी हे काम म्हणजे फरशी फोडा, खड्डा करा, त्यात बोल्ट उभे करून सिमेंट ओता आणि ते वाळेपर्यंत हात चोळत बसा. मग अँकर बोल्ट आले. काँक्रीटला बरोब्बर त्याच्या जाडीचं भोक पाडायचं, आतली भुकटी फुंकून काढायची, बोल्ट आत सारायचा आणि नट पिळायचा. नट पिळला की बोल्टाभोवतीची पत्र्याची नळी आतल्या आत फुगते आणि काँक्रीटला धरून बसते. मल्हारीला या फुगण्याचं भारी कौतुक. बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र कुणीतरी कुणाचा तरी हात घट्ट धरलेला असतो, असं तो म्हणे, आणि खात्यातली मंडळी त्यावर मनसोक्त हसत.

पण आज प्रश्न मशिनाचा नव्हता. दिवाळीच्या आधी एका सकाळी भाकरी थापता थापता त्याच्या बायकोचा, भिमाबाईचा डावा हात मध्येच थांबला होता. हात गेला, पाय गेला, तोंड जरा वाकडं झालं. सिव्हिल हॉस्पिटलातून ती घरी आली तेव्हा तोंड सरळ झालं होतं, पाय अर्धामुर्धा परतला होता, हात मात्र कायमचा रुसलेला. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की उजव्या हातानं काहीतरी धरून हिनं रोज स्वतःच्या बळावर उभं राहायचं. दुसऱ्यानं उचलत राहिलात तर पाय कायमचा झोपेल.

आणि उचलून घेणं तिला मरणासारखं वाटत होतं. जन्मात कधी डोक्यावरचा हंडा उतरवायला तिनं दुसऱ्याला हात लावू दिला नव्हता. आता मल्हारी पहाटे कामावर जाण्याआधी तिच्या काखेत हात घालून तिला उठवायचा, तेव्हा ती डोळे मिटून मान फिरवायची. तो परत येईपर्यंत ती तशीच पडून. लेक वणीला सासरी, तिचेच दिवस भरत आलेले, तिला कसं बोलवायचं? पुढं मल्हारीच्या ध्यानात आलं की उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असतो. उठायला लागू नये म्हणून तिनं पाणी पिणंच सोडलं होतं. ते कळलं त्या दिवशी तो मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं बराच वेळ रडला.

म्हणून हा दांडा. पाण्याच्या नळीचा हातभर तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी पंजे. खाटेच्या बाजूच्या भिंतीत तो बसवायचा आणि तिनं धरून उठायचं. खोलीला दुसरी जागाच नव्हती. एका बाजूला दार, एका बाजूला मोरी, समोर नुसता पत्रा.

"इथं पाडतो भोक," अखेर त्यानं खडूनं खूण केली.

भिमाबाईनं मान वळवून पाहिलं. दिवसदिवस त्या भिंतीकडं बघत पडून राहिल्यानं ती भिंत आता तिची झाली होती. ओल धरून उमटलेल्या डागांत तिला तिचं माहेर दिसे. हे इगतपुरीचं भातखाचर, हा बांध, ही वर चढत गेलेली रुळांची ओळ, आणि तो पांढुरका पट्टा म्हणजे सकाळचं धुकं. धुक्यातून बाप हातात कंदील घेऊन रूळ तपासत यायचा, ते ती मल्हारीला रोज नव्यानं सांगे, आणि तोही ते रोज नव्यानं ऐके. टेसनावर गाडीची शिटी वाजली की ती भिंतीकडं बोट करून म्हणे, बघा, घाट चढली.

"तिथं नगं," ती म्हणाली. "खाचरात भोक पडंल. वर बांधावर पाडा."

मल्हारी हसला आणि त्यानं खूण वर सरकवली. तिथंही ठोकून पाहिलं. आवाज बरा आला, पण ठणठणीत नाही. भिंत विटांची होती, एका विटेच्या रुंदीएवढीच, आणि जोड मातीचे. वरून सिमेंटचा गिलावा लावल्यामुळं ती स्वतःला काँक्रीट समजत होती इतकंच. असल्या भिंतीत अँकर बोल्ट फुगायला लागला की वीट त्याला धरत नाही, उलट फुटते. हे मल्हारीला पक्कं ठाऊक होतं. असल्या जागी आरपार भोक पाडायचं, लांब सळी पलीकडे काढायची आणि पलीकडून लोखंडी पट्टी लावून नट पिळायचा, म्हणजे सगळी भिंतच भार घेते. हेही त्याला ठाऊक होतं. पण पलीकडे वत्सलाबाईचं घर होतं.

वत्सलाबाई सटाण्याकडची. नवरा गेल्यावर बिटको चौकात भाजीची पाटी घेऊन बसायची. एके काळी तिचं आणि भिमाबाईचं इतकं मेतकूट होतं की एकीच्या चुलीवरचं दुसरीच्या ताटात जाई. मग एका उन्हाळ्यात मल्हारीनं रेडिओसाठी या भिंतीत फळी ठोकली. त्याच्या हातोडीनं पलीकडची मांडणी हादरली आणि वत्सलाबाईची लोणच्याची बरणी खाली येऊन फुटली. वर्षाचं लोणचं जमिनीवर. भिमाबाई धावत गेली खरी, पण माफी मागायच्या ऐवजी तिच्या तोंडून निघालं की बरणीला तडा आधीपासूनच होता. झालं. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. नळावर एकीची कळशी भरेपर्यंत दुसरी आभाळाकडं बघायची. मल्हारीनं पुढं एकदा नवी बरणी नेऊन दिली, तर ती तशीच परत आली. भिमाबाई आजारी पडली तेव्हा सगळी चाळ येऊन गेली. वत्सलाबाई दारापर्यंत आली आणि फिरली, असं कुणीतरी सांगितलं.

त्यामुळं आरपार भोकाचा विचार मल्हारीनं मनाच्या तळाशी ढकलला आणि अँकर बोल्ट घेऊन बसला. कारखान्यात विजेचं ड्रिल होतं, घरी नुसती पोलादी छिन्नी आणि हातोडी. एक घाव, छिन्नी जरा पिळायची, पुन्हा घाव. पलीकडची भांडी किणकिणत होती. तो प्रत्येक घावाआधी श्वास रोखत होता. सायकलच्या पंपानं भुकटी उडवली, बोल्ट सारले, दांडा चढवला, नट बसवले. नट हाताला घट्ट लागला तिथं त्यानं थांबायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या घरी तो थांबलाही असता. पण या दांड्याला भिमा लटकणार होती. ती पडली तर, या भीतीनं त्यानं पाना आणखी एक वळसा फिरवला, मग आणखी अर्धा. आत कुठंतरी बारीकसं कट् झालं. ते त्यानं ऐकलं, आणि भिंतीनं घट्ट धरल्याचा आवाज आहे अशी स्वतःची समजूत घातली.

भिमाबाईनं दांडा धरला. डोळ्यांत लहान पोरीसारखा हुरूप. तिनं अंग वर ओढलं, खाटेवरून कंबर सुटली, आणि एक टोक विटेच्या तुकड्यांसकट बाहेर आलं. ती खाटेवर आडवी कोसळली. लागलं नाही फारसं. पण तिच्या माहेरच्या बांधावर तळहाताएवढं खिंडार पडलं होतं, आणि पलीकडून पोपडे पडल्याचा आवाज आला. मग केरसुणीचा आवाज आला. वत्सलाबाई केर काढत होती.

"ऱ्हाऊ द्या," भिमाबाई भिंतीकडं न बघता म्हणाली. "त्या भिंतीला तरी कशाला छळता."

त्यानंतर ती भिंतीकडं पाठ करून झोपू लागली. शिटी वाजली तरी बोट उचलेना. मल्हारीला हे सोसवेना. कंपनीच्या बसमध्ये त्याला डुलकी लागे आणि डुलकीत भिंती येत. त्यानं आजवर जिथं जिथं बोल्ट बसवले त्या साऱ्या भिंती धुक्यात ओळीनं उभ्या, आणि प्रत्येकीच्या मागं कुणीतरी बसलेलं. तो ठोकायचा, आतून ठोक यायची. शेवटच्या भिंतीतून काहीच यायचं नाही. तिथं तो जागा व्हायचा, तर सातपूर आलेलं असे.

रविवारी दुपारी त्यानं टोपी नीट केली आणि तो वत्सलाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. आठवड्यात बनवून घेतलेल्या दोन लांब सळ्या आणि एक लोखंडी पट्टी हातात होती. ती मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. त्यानं एका दमात सगळं सांगितलं. आरपार भोक पाडावं लागेल, पट्टी तुमच्या भिंतीवर बसेल, नेमकी मांडणीच्या जागी, मांडणी हलवावी लागेल, दिसायलाही ते बरं दिसणार नाही. हे सांगताना त्याचं त्यालाच वाटलं की आपण फारच मागतोय. पाण्याच्या तांब्याचं मात्र त्यानं सांगितलं नव्हतं. ते सांगायचं की नाही याचा तो उंबऱ्यावर विचार करत राहिला आणि मग तेही सांगितलं.

वत्सलाबाईचे हात जुडीवर थांबले.

"तिनं पाठवलंय का तुमाला?"

"नाय. तिला ठावं बी नाय."

"खरं सांगितलं ते बरं केलं," ती म्हणाली. मग उठली आणि मांडणीवरची भांडी उतरवू लागली. पितळी डबे, परात, तांबे, एकामागून एक. मांडणी ओढायला मल्हारी पुढं झाला तर तिनं हातानंच त्याला बाजूला केलं. भिंत मोकळी झाली तेव्हा तिथं एक फिकट चौकोन राहिला होता, आणि खालच्या फरशीवर जुना, न निघालेला तेलाचा डाग.

या वेळी मल्हारीनं घाई केली नाही. फुटलेल्या जागेपासून लांब, चांगल्या विटा पाहून त्यानं भोकं पाडली. पलीकडं छिन्नीचं टोक निघणार तिथं वत्सलाबाईनं आपणहून सुपडं धरलं, पोपडे खाली पडू नयेत म्हणून. सळ्या आरपार गेल्या. अलीकडे दांडा, पलीकडे पट्टी. पट्टी भिंतीला टेकली, नट घट्ट लागला, आणि तो थांबला. पाना परत फिरवायला हात शिवशिवत होता, त्यानं तो खिशात घातला.

भिमाबाईला त्यानं इतकंच सांगितलं की मी पलीकडून बघणार आहे, पट्टी दबते का ते, तू धर आणि उठ. तू उठशील तेव्हा मी इथं नसेन. पलीकडून म्हणजे कुणाच्या घरातून, हे तिनं विचारलं नाही. दांड्याकडं मात्र ती खूप वेळ बघत राहिली.

तो पलीकडे येऊन पट्टीसमोर उकिडवा बसला. "हां, भिमा," त्यानं भिंतीतून हाक दिली.

काहीच झालं नाही. बाहेर ऊन पडलं होतं, नळावर कुणी नव्हतं, सगळी चाळ जेवून सुस्तावली होती. भिंतीच्या आत एवढी शांतता होती की मल्हारीला वाटलं आपण बसमध्येच आहोत आणि ही तीच शेवटची भिंत आहे. मग नटांवर बारीक थरथर आली. पट्टी भिंतीला आवळली गेली. पलीकडून खाट करकरली आणि श्वास ऐकू आला, लांबचा, ओढलेला. थरथर वाढली, कमी झाली, जवळजवळ गेली.

वत्सलाबाई त्याच्या शेजारी येऊन बसली होती. तिनं आपला मातीनं रापलेला तळहात त्या लोखंडी पट्टीवर पसरला आणि दाबून धरला. बाजारात ती सगळ्यांसारखंच बोलायची, पण आता तोंडातून आली ती सटाण्याची बोली, आणि आवाज इतका खालचा की भिंतीलाच सांगावं.

"वढ व माय. मी शे आठे." ओढ गं बाई, मी आहे इथं, असं ती म्हणत होती.

पट्टीला त्या हाताची काही गरज नव्हती. भार सगळ्या भिंतीनं घेतला होता. मल्हारी हे सांगू शकला असता, पण त्याला ते सांगावंसं वाटलं नाही. नट एकदा जोरानं थरथरले आणि मग सगळं स्थिर झालं. पलीकडं एक पाय फरशीवर टेकल्याचा आवाज झाला, आणि बऱ्याच वेळानं, घासत घासत, दुसरा. तो धावत जाणार होता, तिला सावरायला. अर्धा उठलाही. मग त्याच्या लक्षात आलं की त्याला कुणी बोलावलेलं नाही, आणि तो पुन्हा खाली बसला.

"उभी हाय," भिमाबाईचा आवाज आला. कुणाला सांगत होती कोण जाणे.

वत्सलाबाईनं पट्टीवरचा हात काढला नाही.