करवतीचा ताल

वडिलांनी सदऱ्याच्या कॉलरला लावलेला छोटा माईक मान वाकवून पुन्हा एकदा पाहिला, घसा साफ केला आणि विचारलं, "पहिल्यापासून सांगू?"

"तुम्हाला आठवेल तसं सांगा, काका," कॅमेऱ्याजवळ बसलेली दिग्दर्शिका म्हणाली.

त्यांना सगळं आठवत होतं. लाकडाच्या वखारीत ते मोठी करवत ओढायचे, ओढताना गुणगुणायचे आणि ओंडक्यावर बसलेली त्यांची मुलगी पायाने ताल धरायची. करवत पुढे जाताना एक ओळ, मागे येताना दुसरी. मुलीच्या गाण्यांना अजून भुशाचा वास येतो, असं कुठल्याशा परीक्षणात छापून आलं होतं. तेही वाक्य त्यांनी स्वतःचं म्हणून ठेवून दिलं.

शेजारच्या खुर्चीत गिटार मांडीवर घेऊन त्यांची मुलगी बसली होती. हा माहितीपट तिच्यावरच होता. तिची गाणी कुठून आली ते शोधायला ही मंडळी थेट तिच्या आईवडिलांच्या घरी आली होती. ती खाली मान घालून ऐकत होती. वडील वखारीत करवत ओढायचे एवढं खरं. बाकीचं काहीच घडलेलं नव्हतं. गाणं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, आणि वखारीची पायरी तिने जन्मात चढली नव्हती. हे बाहेर तिला माहीत होतं आणि आत स्वयंपाकघरात आईला.

ही गोष्ट रचली होती तिनेच. बाविसाव्या वर्षी ती पहिल्यांदा रेडिओवर गायली, तेव्हा निवेदकाने विचारलं, हे गाणं आलं कुठून? खरं उत्तर सोपं होतं. आई लोकांचे कपडे शिवायची आणि मशीन चालवता चालवता गिऱ्हाइकांच्या हकिकती सांगायची. दरवर्षी तोच एक झगा उसवून सैल करून घेणारी बाई. मेलेल्या नवऱ्याच्या कोटातून मुलासाठी कोट बेतून घेणारी दुसरी. आईला सुराचं अंग अजिबात नव्हतं, पण गोष्ट कुठे कापायची आणि कुठे टाका घालायचा हे तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. वडिलांची पावलं वाजली की गोष्ट तिथेच थांबायची आणि शिवायला आलेल्या पडद्यांच्या ढिगात गिटार जायची. हे रेडिओवर कसं सांगणार? वडील ऐकत असतील या भीतीने तिच्या तोंडून भलतंच निघालं: बाबा करवत ओढताना गायचे. लोकांना ते इतकं भावलं, की पुढे प्रत्येक मैफलीत तेच सांगावं लागलं.

आणि वडील? आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले. आधी सत्काराला नुसते हात जोडायचे, मग दोन शब्द बोलायला लागले, आता तर तिखटमीठ लावून अर्धा-अर्धा तास सांगत. तेही तिने सोसलं. आपणच पेरलेलं, तक्रार कुणाकडे करणार?

"आणि ही करंगळी?" दिग्दर्शिकेने विचारलं. "त्याबद्दल त्या कधीच बोलत नाहीत."

गायिकेची डाव्या हाताची करंगळी वाकत नसे. ती बाजूला ताठ ठेवून वाजवायची तिची ढब नव्या पोरींनी उचलली होती, चांगल्या धडधाकट बोटांच्या पोरींनीसुद्धा.

वडिलांनी सुस्कारा सोडला. "हट्ट करून वखारीत आली होती. दहा वर्षांची असेल. एक फळी घसरली ती नेमकी बोटावर. मी तशीच उचलली आणि दवाखान्याकडे धावत सुटलो." त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ही भर तिची नव्हती. वडिलांनी तिच्या हातावर लाकडी पेटीचं झाकण आदळलं होतं. चुकून नाही, बघून. ती त्या पेटीतून गिटार काढत होती, एवढाच तिचा गुन्हा.

"जरा थांबवा," असं म्हणून ती उठली आणि आत गेली.

आई कपबशा मांडत होती. मुलीने दार लोटून घेतलं आणि दबक्या आवाजात सांगून टाकलं, की आता पुरे झालं. माणसं उरणार नाहीत, हा माहितीपट उरणार आहे. आज ती कॅमेऱ्यासमोर खरं बोलणार: गाणी कुणाची, गिटार कुणी लपवली, बोट कुणी मोडलं. आईची सत्तरी उलटली होती. तिचं नाव एकदा तरी, तिच्या देखत घेतलं जावं, एवढंच मुलीला हवं होतं.

"नको, ठकू," आई म्हणाली.

"का नको? जन्मभर मूग गिळून बसलीस. अजून त्यांची भीती वाटते?"

"आता नाही वाटत. तेच सांगतेय."

आणि आईने ते गिऱ्हाइकाची हकिकत सांगावी तसं सांगितलं. रेडिओवरच्या त्या गाण्यानंतर वखारीतली माणसं वडिलांना घरापर्यंत सोडायला आली होती. अशी मुलगी घडवली म्हणून मालकाने त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं होतं. त्या दिवशी भाजी खारट झाली होती. पहिला घास त्यांनी तोंडात घातला तेव्हा आईने सवयीने हात चेहऱ्यापुढे धरला. ते तिच्या हाताकडे बघत राहिले, मग त्यांनी पाणी मागितलं.

"तेव्हापासून हात उचललेला नाही. एकोणीस वर्षं झाली. तू सांगितलेल्या माणसासारखं राहावं लागतं ना त्यांना." आईने कपांत चहा गाळायला घेतला. "मागे मला ताप आला तर उशाशी बसून गुणगुणत होते. बेसूर, पण गुणगुणत होते. तो माणूस आज तू त्यांच्याकडून काढून घेशील आणि तुझी तू निघून जाशील. माझ्याजवळ कोण राहील?"

मुलीला वडिलांचा राग आला, आईचा त्याहून जास्त आला. पण एकोणीस वर्षांत आपल्याला आईला हे कधी विचारावंसंही वाटलं नाही, याची लाज त्या दोन्ही रागांना पुरून उरली. ती बाहेर येऊन खुर्चीत बसली आणि कॅमेरा सुरू करायला सांगितला.

"बाबा करंगळीचं अर्धंच सांगतात," ती म्हणाली.

वडिलांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे स्वतः सांगत होते ते सगळंच त्यांना खरं वाटत होतं असं नाही. ते भ्याले होते.

मग तिने त्या दिवसाचं सांगितलं. दवाखाना बंद होता, म्हणून डॉक्टरांचं घर शोधत जावं लागलं. तिला पाठुंगळीला घेऊन बाबा धावत होते. चपला घालायचंही भान त्यांना राहिलं नव्हतं आणि रस्त्यावर नवी खडी पसरलेली होती. डॉक्टर बोट बांधत होते तेव्हा तिने रडू नये म्हणून बाबांनी तिच्या कानात एका सैनिकाची गोष्ट सांगितली, ज्याच्या सदऱ्याला एकच बाही शिवावी लागायची. गोष्ट संपली तेव्हा बोट बांधून झालं होतं. यातलं अक्षरन् अक्षर घडलेलं होतं. जिथे आई होती, तिथे तिने फक्त बाबा म्हटलं.

वडील लहान मुलासारखे ऐकत होते. "अनवाणीच," ते हळूच म्हणाले. "अनवाणीच धावलो होतो."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. दिग्दर्शिकेने कॅमेरा तिच्याकडे वळवायची खूण केली. "काकू, तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"मी घरीच होते," आई म्हणाली. "मशीनवर." आणि तिने पहिला कप वडिलांपुढे धरला.