बाबांचे लाल-पांढरे बूट

“ताई, काकांना शुगर आहे म्हणालात ना? मग हे नका घेऊ. पुढून आवळतायत,” बुटांच्या दुकानातली बाई म्हणाली होती. मी हसून म्हटलं, “आवळतायत हे त्यांना कळेल की तुम्हाला?”

घोट्याच्या वर जाणारे, लाल-पांढरे बास्केटबॉलचे बूट. बाबा कॉलेजच्या संघात खेळायचे तेव्हा तसले फक्त समोरच्या संघाच्या कॅप्टनच्या पायात असत. आता कंपनीने तेच जुनं डिझाइन पुन्हा काढलं होतं. बाईंनी शेजारी दुसरा जोड ठेवला: रुंद, मऊ, राखाडी. बाबांनी नाक मुरडलं.

“हे घालून काय वॉर्डात फेऱ्या मारू?”

खरं सांगायचं तर मलाही तो बघवेना. बाबा आरशासमोर हवेत चेंडू टाकत होते. आई गेल्यापासून इतके खुशीत दिसले नव्हते.

“बाबा, कुठे टोचत नाही ना?”

“छे गं! पायात काही आहे असं वाटतसुद्धा नाही.”

आणि मला बरं वाटलं. मला! लेकीच्या मोज्यातला सुटा धागाही बोटाला गुंडाळला जाईल म्हणून कापून टाकणारी मी.

तीन आठवडे आजोबा-नात रोज बागेत जात होते. शेजारचे नवे बूट बघून ‘काय हीरो!’ म्हणाले, की बाबांची एक फेरी वाढायची. मग एका सकाळी मी त्यांचा मोजा धुवायला घेतला, तर करंगळीपाशी तो कडक झाला होता. वासही येत होता. धावत जाऊन त्यांचा पाय मांडीवर घेतला. करंगळी काळी पडली होती.

“बाबा, इतकं झालं आणि बोलला नाहीत?”

“दुखलं असतं तर बोललो नसतो का?”

डॉक्टरांनी तळव्याला टोकदार काडी टोचली. एकदा, दोनदा, पाच ठिकाणी. बाबा छताकडे बघत पडले होते. म्हणाले, “डॉक्टर, सुरू कधी करताय?”

दोन बोटं काढावी लागली. जखम अजून भरलेली नाही. पाय घोट्यापर्यंत कापावा लागेल का, ते डॉक्टर सांगत नाहीत. बाबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “हट्ट माझाच होता, पोरीने लाड पुरवले.” त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुमच्या घरात कुणाला शुगर असेल, तर दुखतंय का म्हणून विचारत बसू नका. ते खरंच नाही म्हणतील. खाली बसा, त्यांचे मोजे काढा आणि बोटांच्या बेचक्यांत नीट बघा. आजच बघा.