मला वय विचारायला लावू नका

मी शेणव्याजवळच्या कातकरी वाडीतला संगणक. समाजमंदिरात, शाळेने टाकून दिलेल्या बाकावर माझा मुक्काम असतो. थोड्या वेळाने मला पुसून टाकणार आहेत. मी घाबरलेलो नाही, पण त्याआधी चार शब्द बोलून घेतो.

माझं तरुणपण मुंबईतल्या एका कचेरीत गेलं. हळू चालायला लागलो तसा मी भंगारात निघालो. शहापूरला संगणक दुरुस्त करणाऱ्या कुंडलिकने मला उचललं, धूळ झटकली आणि माझ्यात मला चालवणारी नवी प्रणाली घातली. ही प्रणाली कुणा एका कंपनीची नाही. जगभरातल्या माणसांनी मिळून ती लिहिली आहे. कुणीही ती उघडून वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. तू कोण, कुठला, हा प्रश्नच तिच्यात नव्हता. मला तिचा फार अभिमान होता.

मला वाडीत आणल्यावर कुंडलिकने विचारलं, प्रत्येकाचं वेगळं खातं काढू का? लोक हसले. विहीर एक, समाजमंदिर एक, मग खाती कशाला वेगळी? एकच खातं निघालं, त्याचं नाव 'वाडी'. म्हातारी माणसं माझ्यावर लग्नाचे फोटो पाहायची, पोरं चित्रं काढायची आणि माझ्या कळांवर चिंचेचा कोळ सांडायची. मी चिडायचो, पण पुन्हा चालू व्हायचो.

रत्ना मात्र कामाला यायची. दिवाळीनंतर वाडीतली बहुतेक घरं वीटभट्टीवर जातात, रत्नाही लहानपणापासून जायची. यंदा तिला जायचं नव्हतं. शहापूरला अनिताबाईंचं टायपिंगचं दुकान आहे. दसऱ्यानंतर मराठी टाइप करून दाखव, हात साफ असला तर ठेवून घेते, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी रत्ना माझ्यासमोर. सुरुवातीला ती वीट थापावी तशी कळ थापायची. पुढे बोटं हलकी झाली. जोडाक्षरं अडायची, तेव्हा ती ओठ चावून तीच ओळ पुन्हा घ्यायची. हट्टी पोर. मला हट्टी माणसं आवडतात.

गेल्या आठवड्यात भरतच्या, म्हणजे तिच्या धाकट्या भावाच्या, फोनवरून इंटरनेट जोडलं आणि मी नेहमीसारखी डागडुजी, म्हणजे अपडेट, मागितली. कुंडलिकने शिकवल्याप्रमाणे रत्नाने 'हो' दाबलं. मी बंद होऊन परत उठलो तो परक्याच आवाजात बोललो. वापरणाऱ्याचं वय सिद्ध करा. ओळखपत्र जोडा. अठराच्या आत असाल तर पालकाची खात्री करा.

दूर कुठल्यातरी देशात संगणकाने वय तपासावं असा कायदा झाला म्हणे. माझी प्रणाली लिहिणारे धास्तावले आणि त्यांनी सगळ्यांच्याच दारावर पहारेकरी बसवला. पोरांना वाईट गोष्टींपासून जपावं, हे मलाही पटतं. पण त्या पहारेकऱ्याला कातकरी वाडी कुठे ठाऊक होती?

रत्नाला अठरा पूर्ण झाली आहेत. पण भट्टीमुळे ती शाळेत तीन वर्षं उशिरा गेली. पहिलीत घालायचं म्हणून गुरुजींनी तिला सहा वर्षांची केली आणि वाडीतल्या सगळ्या पोरांसारखी एक जून तारीख लावली. त्यामुळे आधार कार्डावर ती पंधराची, आणि धाकटा भरत सतराचा.

"माजी पोर अठराची हाय," तिची आई रंगू मला दटावत म्हणाली. "हिच्या पाठचा भरत दाढी करतो. मंग ही लहान कशी?"

मला तिचं पटत होतं, पण माझ्या तोंडी कुणी दुसराच बोलत होता.

मग रंगूचं कार्ड लावून पाहिलं. खात्रीचा आकडा, म्हणजे ओटीपी, फोनवर येतो, आणि तो गेला भट्टीवर मजूर नेणाऱ्या गोमा मुकादमाकडे. भट्टीवर कार्डं निघाली तेव्हा फोन एकट्या त्याच्याकडेच होता, म्हणून वाडीतल्या मोठ्या माणसांच्या कार्डांना त्याचाच नंबर आहे. रत्नाने त्याला फोन लावला.

"देतो की आकडा," गोमा गोडीत म्हणाला. "पण यंदा जोडीला माणूस कमी हाय. तू भट्टीला येतेस ना?"

रत्नाने फोन ठेवला. जो संगणक तिला भट्टीतून सोडवणार होता, त्याचीच किल्ली मुकादमाच्या खिशात गेली होती. मला स्वतःची लाज वाटली.

आज सकाळी ती कुंडलिकला घेऊन आली. तो म्हणाला, मी माझं कार्ड लावतो, झटक्यात उघडेल.

"मंग हे मशीन तुमच्या नावाचं होईल दादा," रत्ना म्हणाली. "पोरांनी काय बगितलं, ते बी तुमच्या नावावर. वाडीचं नाय राहणार. दुसरं काय करता येईल?"

कुंडलिकने खिशातून पेनड्राइव्ह काढला. त्यात माझ्याच प्रणालीची मोकळी प्रत होती. काही हटवादी माणसांनी माझ्या प्रणालीतून तो पहारेकरी काढून टाकला आहे आणि ती सगळ्यांना मोकळी केली आहे. उघडी असल्याचा हाच फायदा. पण त्यासाठी मला आधी कोरं करावं लागेल. रत्नाचे धडे आणि लग्नाचे फोटो त्याने बाजूला उतरवून घेतले. माझ्या आठवणी मात्र कुठे उतरवता येत नाहीत.

मला लिहिणाऱ्यांनो, कुठेही असा, एक मागणं आहे. पहारेकरी बसवण्याआधी विचारा, किल्ली कोणाच्या खिशात जाणार. उद्या कुणी अशी मोकळी प्रत बाळगणं हाच गुन्हा ठरवू लागलं, तर आडवे या. मी म्हातारा भंगारातला जीव, पण मी तयार आहे. तुम्हीही व्हा.

कुंडलिकने शेवटची कळ दाबायला हात पुढे केला. रत्नाने तो अडवला.

"मी दाबते," ती म्हणाली.

दाब, पोरी. दसरा जवळ आलाय. पुन्हा उठेन तेव्हा मी तुला ओळखणार नाही. तुझं नाव विचारणार नाही, वय तर नाहीच नाही. तू फक्त समोर बस आणि कालची अडलेली ओळ पुन्हा घे.