धोंड्याची सायकल

माझ्या जावयाची अक्कल नेमकी किती, हे कळायला मला एक सायकल विकत घ्यावी लागली. तिला ब्रेक कसले असावेत यावरून आम्ही दोघे जवळपास वर्षभर भांडलो. त्या वर्षभरात माझी पोरगी डोक्यावर पाणी वाहत होती.

जावयाचं नाव व्यंकट. उदगीरकडच्या खेड्यातला, लातुरात एका खासगी क्लासच्या ऑफिसात बसतो. पोरांची फी घ्यायची आणि आईबाप आले की 'सर मीटिंगमध्ये आहेत' म्हणून सांगायचं, एवढंच काम. पण बोलायला लागला की वाटावं, मराठवाड्यातले सगळे डॉक्टर ह्यानेच घडवले. मी एसटीचा ड्रायव्हर, मुखेड डेपोतून रिटायर झालो. जन्मभर पाठीशी गाडीभर माणसं बसवून उतार उतरलो, त्यामुळे ब्रेक या विषयावर मला कुणी शिकवू नये असं माझं मत आहे. व्यंकटचं मत असं की त्याला कुठल्याच विषयावर कुणी शिकवू नये.

त्या साली धोंड्याचा महिना ऐन पावसाळ्यात आला. मृग कोरडा गेला होता, पेरलेलं मातीतच जळालं होतं. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवावंच लागतं. लेक-जावयाला जोडीनं पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, ओवाळायचं आणि जावयाला वाण द्यायचं. कुणी चांदीचं ताट देतं, कुणी अंगठी देतं. आमच्या जावयानं सायकल मागितली.

मला आधी बरंच वाटलं. सायकल म्हणजे कामाची वस्तू. मग त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला आणि माझं जेवण तिथंच संपलं. जाड टायर, वाकडी नळी, मडगार्ड नाही, घंटी नाही, चाकाच्या मधोमध भोकं पाडलेली एक थाळी बसवलेली.

"ही काय हाय?" मी विचारलं.

"डिस्क ब्रेक, मामा. लातुरात आमचा सायकलिंगचा ग्रुप हाय. सगळ्यांकडं डिस्कच हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला वजिराबादेत गेलो. मी, माझी बायको साखराबाई, सिंधु आणि हे महाशय. सिंधुला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. ती दुकानातल्या स्टुलावर बसून राहिली आणि आमची दोघांची जुंपली. दुकानात लिंबाजी नावाचा माणूस होता. जो बोलेल त्याच्याकडे बघून मान हलवायची, हा त्याचा धंदा.

मी म्हटलं, "रिमचे ब्रेक घ्या. रबर झिजलं तर कुठल्याबी कोपऱ्यावर मिळतं. ही थाळी वाकली तर कुठं जाणार हाव?"

"काकांचं बरोबर हाय," लिंबाजी म्हणाला.

"मामा, रिमचे ब्रेक आता कुणी वापरून न्हाई राहिलं. पावसात रिम ओली झाली की रबर घसरतं. डिस्क भर पावसातबी पकडते."

"तेबी बरोबर हाय," लिंबाजी म्हणाला.

मी दाराबाहेर बघितलं. आभाळ धुऊन वाळवल्यासारखं कोरडं होतं. आषाढात माणसं डोक्यावर टॉवेल टाकून सावली धरून चालली होती. "जावईबापू," मी म्हटलं, "पाऊस पडला की मीच तुमाला दुसरी घेऊन देतो."

त्याला ते लागलं. मग त्यानं मला परफॉर्मन्स सांगितला, टेक्नॉलॉजी सांगितली, परदेशातले लोक काय वापरतात ते सांगितलं. मी त्याला डेपोतले किस्से सांगितले. मध्येच सिंधु स्टुलावरून म्हणाली, "अण्णा, मागं कॅरेज बसंल अशी बघा ना."

"थांब गं," मी म्हणालो, "हितं ब्रेकचं चालू हाय."

"कॅरेजनं लूक जातो," व्यंकट म्हणाला. दिवसभरात आमचं दोघांचं एकमत झालं ते एवढ्यावरच, की सिंधुनं मध्ये बोलू नये.

शेवटी निकाल साखराबाईनं लावला. "धोंड्यात जावयाला न्हाई म्हनू नये," म्हणाली. हे शास्त्र कुणी लिहिलं देव जाणे, पण लिहिणाऱ्याला मुली नसाव्यात. डिस्कची सायकल घेतली. साखराबाईनं तिथंच नारळ फोडला, हँडलला हळदकुंकू लावलं आणि पदरात पडलं पवित्र झालं म्हणत आम्ही मुखेडची गाडी धरली.

पौषात सिंधु आमच्याकडे बाळंत झाली. मुलगी झाली, पण पोट फाडून. जड उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं. सव्वा महिना होतो न होतो तोच व्यंकट न्यायला आला. त्याच्या खाण्याचे हाल होत होते म्हणे. जड उचलायला तिथं आहे कोण, असं साखराबाईनं विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "मी हाय की, मामी."

तोवर लातुरातल्या नळांनी मान टाकली होती. टँकर आठवड्यातून कधीतरी यायचा, आणि आला की गल्लीच्या खालच्या टोकाला उभा राहायचा, कारण वर चढायला वाट अरुंद. त्या उन्हाळ्यात लातूरला जाणारे पाहुणे लाडू-चिवडा नेत नव्हते, पाण्याचे कॅन नेत होते. मीही नेले. एसटीत माझ्या ओळखी, कंडक्टरनं माझे कॅन मागच्या सीटखाली सरकवून दिले.

घरात पाऊल टाकलं तर समोरच्या भिंतीवर, देवाच्या फोटोपेक्षा वर, सायकल टांगलेली. व्यंकट तिला खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसत होता. धुवायला पाणी नाही, मग तेलानं चमकवायची. नळ्या, मुठी, सगळं लखलखीत. आणि सिंधु दारातून एक घागर डोक्यावर, एक कमरेवर घेऊन आत आली. तोंड पांढरं पडलेलं. तिनं घागरी उतरवल्या आणि भिंतीला टेकून पोट दाबून उभी राहिली.

"पाणी कोण आणतंय?" मी व्यंकटला विचारलं, जसं काही मला दिसलंच नव्हतं.

"टँकरच्या टायमाला मी ऑफिसात असतो, मामा."

"आज रविवार हाय."

"आज सकाळी राइड होती."

"आन् सायकलवर आणायला काय झालं?"

"घागर अडकवायची कुठं? आन् डिस्कला धक्का लागला की अलाइनमेंट जाती."

मला त्याची इतकी किळस आली की बोलावं असं वाटेना. तरी बोललोच. "म्हणून मी रिमचे ब्रेक घ्या म्हणत होतो," मी सिंधुकडे बघून म्हणालो. सिंधुनं माझ्याकडे एक नजर टाकली आणि बाळाची दुपटी घेऊन आत निघून गेली. मला वाटलं, पोरगी थकलीय.

मग निघालं ते उदगीरचा वेगळा जिल्हा करायचं. सव्वीस जानेवारीला जाहीर होणार, एक मेला जाहीर होणार, अशा आवया दरवर्षी उठतात. लातूर उस्मानाबादेतून फुटून जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीत नवा होतो. बसच्या पाट्या बदलल्या, कचेऱ्या झाल्या, साहेब लोकांना बंगले झाले. त्या जिल्ह्याच्या गावाला आता प्यायला पाणी नव्हतं, आणि व्यंकटला आणखी एक जिल्हा पाहिजे होता. उदगीरहून लातूरच्या कलेक्टर कचेरीवर सायकल रॅली काढायचं ठरलं. सगळ्यात पुढे कोण, तर आमचे जावईबापू, कारण डिस्कवाली सायकल फोटोत उठून दिसते. त्यानं पुढाऱ्यांना गळ घालून रॅलीचा रस्ताही आपल्या गल्लीतून वळवून घेतला. बायकोनं बघावं, गल्लीनं बघावं.

रॅलीच्या दिवशी मी पुन्हा कॅन घेऊन लातुरात पोचलो होतो. नेमका त्याच दुपारी टँकर आला. बायकांनी आदल्या दिवसापासून रस्त्याच्या कडेला घागरी मांडून नंबर लावले होते. घागर हलवली तर मारामाऱ्या होत, इतका तो नंबर पक्का. सिंधुचा नंबर आला. नात माझ्या खांद्यावर झोपलेली. सिंधुनं दोन्ही घागरी भरल्या, काठोकाठ भरून रस्त्याच्या बाजूला सरकवल्या आणि दम खायला वाकली. मी नात तिच्याकडे देऊन एक घागर उचलणार, एवढ्यात वरच्या टोकाला घोषणा ऐकू आल्या.

व्यंकट पुढे. डोक्यावर हेल्मेट, पाठीला बांबूच्या काठीला लावलेला झेंडा, एक हात वर. गल्लीचा उतार लागला तसा त्याचा वरचा हात खाली आला. मग दोन्ही हातांनी त्यानं ब्रेक दाबले. मी ड्रायव्हर माणूस, समोरच्याचं तोंड बघून मला कळतं की ब्रेक लागला का नाही. लागला नव्हता. सायकल सरळ आमच्या रांगेकडे येत होती आणि तो "सरका, सरका" म्हणत होता. बायकांनी आपापल्या घागरी मिठीत धरल्या. सिंधुला वाकल्यावर पटकन उठता आलं नाही, मी तिला दंडाला धरून मागे ओढलं. व्यंकटनं उडी टाकली. सायकल एकटीच पुढे आली आणि सिंधुच्या दोन्ही घागरींवर आडवी झाली.

कुणाला लागलं नाही. पाणी तेवढं गेलं. त्या रस्त्यावर एवढी धूळ होती की ओल फार वेळ दिसलीसुद्धा नाही. टँकरवाल्यानं पाइप गुंडाळला, कारण टाकी संपली होती. रॅली पडलेल्या सायकलीला वळसा घालून पुढे गेली. 'झालाच पाहिजे' म्हणत गेली.

मी वाकून चाकाला हात लावला. थाळी बुळबुळीत. नाकाला बोटं लावली तर खोबरेल.

"जावईबापू, ह्या थाळीला तेल लावलं?"

तो गुडघा झटकत उठला. "किंचाळून राहिली होती. आन् धूळबी बसली होती. म्हणलं, पुढं फोटोवाले थांबलेत, म्हणून मागच्या थांब्यावर खिशातल्या बोळ्यानं जरा पुसली."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, खांद्यावरची नात रडायला लागली इतका. वर्षभर मी याच दिवसाची वाट बघत होतो. "ब्रेकला तेल! सांगितलं होतं का न्हाई, रिमचे घ्या म्हणून?"

"मामा, तेल लागल्यावर रिमचं रबरबी घसरलंच असतं की."

"रिमला तेल लावायची बुद्धी कुणाला होतीय? ती चमकती कुठं?"

"तुमच्या रबराला ह्या उतारावर—"

"तुमचं ब्रेकचं झालं का?"

सिंधु बोलली होती. आवाज चढवला नव्हता. चेपलेल्या घागरी तिनं उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये ती उभी होती. आजूबाजूच्या बायका आपलं पाणी घेऊन जायच्या थांबल्या होत्या.

"नांदेडच्या दुकानात मी कॅरेज म्हनले होते," ती म्हणाली. "पाण्यासाठी म्हनले होते, नळ तवाच आटत चालले होते. तुमी म्हनलात थांब, ह्यांनी म्हनलं लूक जातो. वर्षभर दोघं भांडून राहिलाव. सायकल कशाला पाहिजे, हे एकानं तरी इचारलं का?"

व्यंकट खाली बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं, कारण सिंधुकडे बघवेना. हा माणूस मूर्ख आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्याच्या मूर्खपणाची मला इतकी गोडी लागली होती की दर फेरीला मी तोच बघायला लातूरला येत होतो. कॅन हे निमित्त.

सिंधुनं व्यंकटच्या पाठीची काठी ओढून काढली. झेंडा सोडवला, फाडून त्याच्या चिंध्या केल्या. काठी सायकलीच्या नळीवर आडवी ठेवली, चिंध्यांनी आवळून बांधली आणि दोन्ही टोकांना एकेक घागर गळ्याशी बांधून अडकवली. मग माझ्या खांद्यावरून मुलीला घेतलं.

"रेल्वे लाइनच्या पल्याड सिद्धम्मांच्या बोरला पाणी हाय. त्या न्हाई म्हनत न्हाईत. दोघं जावा."

"पण ब्रेक लागून न्हाई राहिलेत," व्यंकट म्हणाला.

"चालत जायाचं हाय. एकानं हँडल धरायचं, एकानं मागून रेटायचं. ब्रेक कशाला लागतो?"

आम्ही निघालो. तो पुढे, मी मागे. लाइन ओलांडली. सिद्धम्मा दारातच बसल्या होत्या, आमच्याकडे बघून उठल्या आणि त्यांनी बोर चालू केली. परतीला गल्लीचा चढ लागला. भरल्या घागरी मागे ओढत होत्या, काठी करकरत होती. व्यंकट पुढून म्हणाला, "मामा, जरा जोर लावा." मी जोर लावला.

सिंधु दारात मुलीला घेऊन उभी होती. तिनं दोन्ही घागरींत डोकावून बघितलं, पाणी किती सांडलं ते पाहिलं, आणि आमच्याकडे न बघताच म्हणाली, "आजून एक खेप लागंल."