एक हजार फेऱ्या

सत्यशीलाताईंच्या केंद्राचं कुलूप शाबूत होतं. चोर मागच्या खिडकीचा गज वाकवून आत शिरला आणि टेबलावरचा लॅपटॉप तेवढा घेऊन गेला. शेजारच्या पंख्याला, सिलिंडरला हातसुद्धा लावला नाही. चोरी कशासाठी झाली ते सांगायला पांढरकवड्यात कुणा पंडिताची गरज नव्हती. घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलेल्या पोरींना हे केंद्र आसरा द्यायचं, आणि कोण कुठे लपलंय त्याची यादी त्या लॅपटॉपमध्ये होती. यादीत सुरभीचं नाव होतं. तिचे भाऊ गेल्याच आठवड्यात केंद्राच्या दारात येऊन अर्वाच्य शिव्या देऊन गेले होते.

यादी पासवर्डशिवाय उघडणारी नव्हती. यादी राखणारा तो प्रोग्राम संघर्षनं लिहिलेला. बत्तीस वर्षांचा गडी, घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचा, आणि स्वतःच्या हुशारीवर त्याचा जरा जास्तच भरवसा. मंगळवारी सकाळी नऊला ताईंनी त्याला बोलावून घेतलं.

"संघर्ष, मले सरळ सांग. थे यादी उघडाले त्याईले किती दिवस लागन? सुरभीले आठवा महिना हाय, राजूरले खोलीवर पडून हाय. डॉक्टरनं उठू बी नको म्हनलं. पन धोका असन त आत्ताच्या आत्ता गाडी करून हलवतो तिले."

"ताई, रातंदिवस अंदाज लावत बसले तरी वर्षभर उघडत नाही. काहून घाबरून राह्यल्या? राहू द्या तिले तिथंच."

ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी सुरभीला फोन करून निवांत झोपायला सांगितलं आणि त्या पोलीस ठाण्यात गेल्या.

गाडीला किक मारताना संघर्षच्या मनात पाल चुकचुकली.

पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे. पासवर्डपासून किल्ली तयार करावी लागते, आणि ते काम तयार लायब्ररीतली, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडमधली, एक ओळ करते. पासवर्ड गणितातून पुन्हा पुन्हा फिरवायचा, किती वेळा ते आपण ठरवायचं. संघर्षनं फेऱ्या ठेवल्या होत्या सहा लाख. मालकाला एकदाच थोडं थांबावं लागतं, चोराला मात्र प्रत्येक चुकलेल्या अंदाजामागे तेवढंच थांबावं लागतं. सगळी राखण त्या थांबण्यात असते.

पण केंद्राचा लॅपटॉप म्हातारा. यादी उघडायला दहा-दहा सेकंद घ्यायचा. "झोपला का रे तुहा कॉम्प्युटर? इथं पोरगी रडून राह्यली अन् हे नुसतं गोल गोल फिरून राह्यलं," असं ताई एकदा म्हणाल्या, आणि या शहाण्यानं त्यांच्यासमोरच आकडा खोडून एक हजार केला, यादी नव्यानं कुलूपबंद केली. यादी चुटकीसरशी उघडली. ताईंनी पाठ थोपटली. नवा लॅपटॉप आला की आकडा वाढवू असं तो तेव्हा मनाशी म्हणाला होता, आणि साफ विसरला.

घरी येऊन त्यानं ती ओळ पाहिली. एक हजार. सहाशे पटीनं कमी. वर्षाला सहाशेनं भागलं, तर जेमतेम पंधरा तास. बरा कॉम्प्युटर आणि इंटरनेटवर फुकट मिळणारा प्रोग्राम असला की झालं. केंद्र काल संध्याकाळी सातला बंद झालं होतं. आता साडेदहा वाजले होते.

त्यानं फोन उचलला आणि खाली ठेवला. सकाळी वर्ष म्हणत होतास, आता काय झालं, असं ताई विचारणार. त्यानं आधी तो आकडा पुन्हा सहा लाख केला. कशासाठी, कुणास ठाऊक! मग एक वाक्य जुळवत बसला. ‘ताई, तसा धोका नाही, तरी हलवूनच टाका.’ एवढंसं वाक्य जुळवायला त्याला पाऊण तास लागला. त्याला लाज वाटत होती, फार लाज वाटत होती, आणि तेवढा वेळ राजूरच्या खोलीचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

शेवटी त्यानं फोन लावला. "ताई, तसा धोका नाही..."

"नेलं रे तिले," ताई रडत होत्या. "आत्ता तिच्या शेजारच्या मैनाबाईचा फोन आलता. दोन गाड्या आल्या. नवरा खदानीत ड्युटीवर. मैनाबाई आडवी गेली त तिले ढकलून देल्लं. पोरीच्यानं चालनं होत नोतं, त ओढत नेलं."

दुपारी चारला सुरभी पोलिसांना वणीच्या बाहेर रस्त्याकडेला सापडली. रक्त फार गेलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली, बाळही गेलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ताई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. संघर्ष त्यांच्याशेजारी बसला. सगळं सांगायचं ठरवूनच तो आला होता. पण आधी ताईंनीच विचारलं,

"माहाच पासवर्ड कच्चा होता ना रे? मायचं नाव टाकलं, गावाचं नाव टाकलं, अन् पुढं आकडे. कोनीबी हुडकून काढन. कठीन ठेवा म्हनून तू किती डाव सांगतलं. मीच नाही ऐकलं."

त्यांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"हो, ताई," संघर्ष म्हणाला. "पासवर्डच कच्चा होता."