चाळीस फेऱ्या

सकाळी नऊलाच आमचं अंगण भरलं. कोणी कुंपणावर चढलेलं, कोणी द्राक्षाच्या मांडवाचा खांब धरून उभं. चाळीस ख्रिस्ती हुतात्म्यांचा दिवस होता. आमच्या गावात त्या दिवशी सगळं चाळीस लागतं: मधातल्या पोळ्या चाळीस, शिवणाचे टाके चाळीस, पुरुषांना झेपले तर राकियाचे प्यालेही चाळीस. मधोमध आमची मोटार, इंजिनाचं पुढचं झाकण काढलेली. आणि तिच्यासमोर काळ्या झग्यातले, मठातले बंधू सिसोय.

"प्रभू, दया कर! तीन!"

माझा नवरा यावोर पान्यानं इंजिन एक फेरी फिरवी.

"प्रभू, दया कर! चार!"

कारण एवढंच होतं की इंजिनातली टायमिंग चेन खडखडत होती. आमच्या आठ महिन्यांच्या कालिनाच्या हृदयाला छिद्र आहे. गुरुवारी तिला प्लोवदिव शहरातल्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. ती तारीख हुकली तर पुढची तीन महिन्यांनी. म्हणून यावोरनं घरीच नवी चेन आणि ती ताणून धरणारा नवा टेन्शनर बसवला. चेनच्या दोन रंगवलेल्या कड्या दोन दातेरी चक्रांवरच्या ठिपक्यांसमोर आणल्या. तपासायला इंजिन हातानं दोन फेऱ्या फिरवलं, तर ठिपके जागेवर आले, पण रंगीत कड्या भलतीकडेच! यावोरचा चेहरा उतरला. सासूबाईंनी छातीवर क्रूस काढला.

"नजर लागली रे. सिसोयला बोलव." आल्या आल्या बंधूंनी किती फेऱ्या झाल्या ते विचारलं, आणि दोन म्हटल्यावर मोजणी तीनपासून सुरू केली.

"प्रभू, दया कर! चाळीस!"

रंगीत कड्या ठिपक्यांसमोर येऊन थांबल्या. अंगणभर हुंकार उठला. शेजारचा वेल्को गुडघ्यांवरच बसला. "परवा माझ्या गाडीलाही अस्संच झालं!"

"सैतानानं पळवलेल्या कड्या हुतात्म्यांनी हाताला धरून परत आणल्या," सिसोय म्हणाले. "पण हा नवा टेन्शनर! बाप्तिस्मा न झालेलं लोखंड, लेकरांनो! तो हुतात्म्यांना वाहा. जुनाच बसवा, त्यानं अठरा वर्षं तुमचं मीठ खाल्लंय." त्यांनी झोळी पुढे केली. आत लोखंड वाजलं. वेल्कोनं परवा वाहिलेला नवा टेन्शनर तिथेच होता.

"देऊन टाक यावोर," सासूबाई म्हणाल्या. "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच देणार नाही," मी म्हणाले.

कालिना झाल्यापासून मी सगळं मोजते. झोपेत तिचे श्वाससुद्धा. त्यामुळे मला दिसलं होतं की बंधूंची नजर आभाळाकडे एकदाही गेली नाही. ती हातातल्या लोकरी जपमाळेच्या गाठींवर होती. लोक प्रार्थना म्हणत होते तेव्हा मी दाते मोजले. खालच्या चक्राला अठरा, वरच्याला छत्तीस. चेनच्या कड्या ऐंशी.

"यावोर, पुन्हा फिरव. चाळीस फेऱ्या. प्रार्थना नको, शिव्या दे."

"आईसमोर?"

"आईसमोर."

"भंगारा!" त्यानं पहिली फेरी घेतली. "गंजक्या! टिनपाटा!" विसाव्या फेरीपर्यंत अंगण हसत होतं. तिसाव्याला त्याच्या शिव्या संपल्या, कुंपणावरचे पुरवू लागले. चाळिसाव्याला रंगीत कड्या ठिपक्यांसमोर हजर!

हसू थांबलं.

"खालचं चक्र एका फेरीत अठरा कड्या ओढतं," मी म्हणाले. "चाळीस फेऱ्यांत सातशेवीस, म्हणजे ऐंशी कड्यांचे बरोबर नऊ वेढे. म्हणून कडी घरी येते, प्रार्थनेनं आणा नाहीतर शिव्यांनी. रंग फक्त चेन बसवताना बघायचा. नंतर चक्रांवरचे ठिपके जुळले की झालं, आणि ते दुसऱ्या फेरीलाच जुळले होते. नजर कुणाची लागली नव्हती. बंधूंना या इंजिनाचे दाते पाठ आहेत. नवे टेन्शनर झोळीत जातात, झिजलेले गाडीत राहतात. तसल्या टेन्शनरवर चेन दात सोडून उडी मारते, आणि इंजिन स्वतःच्याच घावानं मरतं."

झोळी आवळून सिसोय फाटकाकडे निघाले. मला वाटलं, कोणीतरी अडवेल. उलट दोघी शेजारणींनी त्यांच्या हातात मधाच्या पोळ्या ठेवल्या.

"देव दयाळू आहे," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "त्यानं शिव्यासुद्धा गोड मानून घेतल्या."

मी वेल्कोच्या मागे धावले. "तूही नवा टेन्शनर आणून बसव!"

"शिकलीस म्हणून हुतात्म्यांना शहाणपण शिकवू नकोस, पोरी."

गुरुवारी आमची गाडी निमूट चालत होती, नव्या टेन्शनरवर. घाटातल्या तिसऱ्या वळणावर वेल्कोची मोटार दिसली. बॉनेट उघडं, खाली तेलाचं थारोळं. तो इंजिनावर तळहात ठेवून पुटपुटत होता.

यावोरनं काच खाली केली. "चल वेल्को, बस मागे. प्लोवदिवला सोडतो."

त्यानं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या हाताची बोटं दाखवून आम्हाला थांबवलं. "सात प्रार्थना राहिल्यात. मध्ये बोलू नका, खंड पडेल."

कालिनाची वेळ होत होती. आम्ही निघालो.

हा हिशेब माझ्याकडून घेऊ नका. झाकण काढा, दाते स्वतः मोजा. आणि मोजू नका असं सांगणारा कोणी भेटला, तर आधी त्याची झोळी उघडून बघा.